हृदयाच्या पेशीत रिसेप्टर कुठून येतात, कुठे बसतात आणि परत आत का ओढले जातात?

प्रश्न असा आहे: "मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. रिसेप्टर पेशीच्या पटलावर असतात, एवढंच आमच्या पुस्तकात आहे. हृदयाच्या पेशीत ते बनतात कुठे, जागेवर पोचतात कसे आणि परत आत का जातात? दुसरं म्हणजे माझ्या बाबांना हार्ट फेल्युअर आहे, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला खालच्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते प्रमाण) २८ टक्के. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केलंय. आधीच दमलेल्या हृदयाला आणखी हळू करणारी गोळी कशासाठी? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?"

आहे. इतका जवळचा आहे की दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं देता येणार नाहीत. मी गेली २२ वर्षं हृदयाच्या स्नायुपेशींवर काम करते आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं बीटा रिसेप्टरपाठी, म्हणजे अॅड्रेनलीनसारख्या संप्रेरकांचा निरोप घेणाऱ्या प्रथिनापाठी, गेली. त्यामुळे उदाहरण त्याचंच घेते. तुमच्या बाबांची गोळीही नेमकी त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते.

आधी पेशी डोळ्यांपुढे आणा. पुस्तकातली पेशी गोल असते, मधे केंद्रक आणि भोवती पटल. हृदयाच्या खालच्या कप्प्यातली प्रौढ स्नायुपेशी तशी अजिबात नसते. आम्ही रॅटचं हृदय काढलं की महाधमनीत नळी बांधतो आणि तिच्यातून आधी कॅल्शियम नसलेलं कोमट द्रावण सोडतो, मग त्यात कोलॅजिनेज, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजेन तोडणारं एन्झाइम, घालतो. थोड्या वेळात तो घट्ट, लालसर स्नायू फिकट आणि लिबलिबीत होतो. चिमट्याने हलकं ओढलं तरी सुटून येतो. ते गढूळ पाणी थेंबभर काचेवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. विटा पसरल्यासारख्या दिसतात. लांबट, काटकोनी, टोकांना पायऱ्या असलेल्या पेशी. लांबी १०० ते १५० मायक्रॉन, रुंदी २० ते ३०. अंगभर बारीक आडव्या रेघा, साधारण दर दोन मायक्रॉनला एक. कॅल्शियम परत द्यायचं ते टप्प्याटप्प्याने. घाई केली की याच विटा डोळ्यांदेखत आखडतात, त्यांचे गोळे होतात आणि दिवसाचं काम संपतं.

त्या आडव्या रेघा महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक रेघेपाशी, म्हणजे झेड-रेषेपाशी, पेशीचं पटल विहिरीसारखं आत खोल उतरतं. या विहिरींना टी-ट्यूब्यूल म्हणतात. रॅटच्या पेशीत एकूण पटलाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग या विहिरींच्या भिंतींमध्ये असतो. कॅल्शियमचे दरवाजे, म्हणजे एल-टाइप चॅनेल, मुख्यतः तिथेच असतात. आकुंचनाचा हुकूम तिथूनच आत जातो.

म्हणून "रिसेप्टर पटलावर असतो" हे वाक्य हृदयाच्या पेशीला पुरत नाही. कुठल्या पटलावर? बाहेरच्या काठावर की विहिरीत? विद्यार्थी मला नेहमी रिसेप्टर किती असतात ते विचारतात. माझ्या मते ते कुठे आहेत हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

आता हा रिसेप्टर करतो काय ते थोडक्यात. सिंपथेटिक नसांच्या, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या नसांच्या, टोकांतून नॉरअॅड्रेनलीन सुटतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अॅड्रेनलीन येतं. ते बीटा रिसेप्टरला चिकटलं की आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, त्यातून सायक्लिक एएमपी हा निरोप नेणारा छोटा रेणू तयार होतो आणि तो पीकेए नावाच्या एन्झाइमला कामाला लावतो. पीकेए कॅल्शियमचे दरवाजे जास्त उघडतं आणि आकुंचनानंतर कॅल्शियम भरभर परत साठवण्याची सोयही करतं. परिणामी हृदय जोरात आखडतं, लवकर सैल होतं आणि ठोके वाढतात. जिना धावत चढताना छातीत जे जाणवतं ते हेच. अॅड्रेनलीनच्या रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा ही विभागणी रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडली. हा रिसेप्टर प्रत्यक्ष वेगळा काढून त्याची रचना उलगडणाऱ्या रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या निरोगी हृदयाच्या खालच्या कप्प्यात बीटा-१ हा प्रकार जास्त, साधारण चारांतले तीन किंवा थोडे अधिक. उरलेले बहुतेक बीटा-२.

हे प्रथिन बनतं कुठे? जनुकाची प्रत केंद्रकात निघते हे तुम्हाला माहीत आहेच. पुढचं चित्र मात्र अलीकडे बदललं. आम्ही शिकलो तेव्हा सगळं केंद्रकाजवळ बनतं आणि मग लांबवर नेलं जातं असं धरलं जायचं. २०२१ च्या आसपास प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसलं की प्रौढ हृदयपेशीत एमआरएनए (जनुकाची प्रत) आणि रायबोसोम (ती वाचून प्रथिन बनवणारं यंत्र) दोन्ही पेशीभर पसरलेले असतात, विशेषतः झेड-रेषांच्या आसपास. त्यांना तिथवर नेतं ते कायनेसिन-१ हे चालक प्रथिन, मायक्रोट्यूब्यूलच्या दोऱ्यांवरून. कायनेसिन-१ काढून घेतलं की तेच एमआरएनए आणि रायबोसोम केंद्रकापाशी जमा होऊन राहतात. एवढ्या लांब पेशीत तयार माल वाहून नेण्याबरोबर कारखानाच जागोजागी मांडण्याची ही व्यवस्था आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या कितीतरी जुन्या स्लाइड मी पुन्हा काढून पाहिल्या.

बीटा-१ ची साखळी ४७७ अमिनो आम्लांची, बीटा-२ ची ४१३ ची. ही साखळी आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या पेशीतल्या जाळ्याच्या, पटलातून सात वेळा आरपार ओवली जाते. तिथेच तिला शर्करेची शेपटी जोडली जाते आणि घडी नीट बसली का ते तपासणारी प्रथिनं भोवती असतात. बिघडलेली साखळी बाहेर ओढून प्रोटिअसोममध्ये तोडून टाकतात. ही तपासणी किती निर्णायक असते याचं उत्तम उदाहरण बीटा रिसेप्टरचं नाही, हर्ग या पोटॅशियम चॅनेलचं आहे. लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागण्याचा आजार; त्याच्या दुसऱ्या प्रकारात हर्गच्या जनुकात बदल असतो. त्यातल्या बहुतेक बदलांत चॅनेल काम करण्याच्या स्थितीला येतच नाही, कारण घडी चुकलेली म्हणून ते जालिकेतच अडवलं जातं. रुग्णाच्या ईसीजीवर जो लांबलेला क्यूटी दिसतो, त्याचं मूळ पेशीतल्या वाहतुकीत असतं.

तपासणीतून सुटलेला रिसेप्टर ६० ते ८० नॅनोमीटरच्या एका पुटिकेत, म्हणजे पटलाच्या इवल्याशा पिशवीत, भरून गॉल्जीकडे, म्हणजे पेशीच्या बांधणी-रवानगी केंद्राकडे, जातो. या टप्प्यावर रॅब-१ हे प्रथिन लागतं. गॉल्जीत शर्करेची शेपटी पूर्ण होते आणि तिथून दुसऱ्या पुटिकेतून पटलाकडे प्रयाण. कायनेसिन एका वेळी ८ नॅनोमीटरची पावलं टाकतं आणि मोकळ्या दोरीवर सेकंदाला मायक्रॉनभर अंतर कापतं. हिशेबाने पेशीच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत मिनिटभर पुरावं. पण इथे मोकळी दोरी कुठून आणायची? पेशी आकुंचन करणाऱ्या तंतूंनी ठासून भरलेली असते आणि सुमारे तिसरा हिस्सा जागा मायटोकॉन्ड्रियांनी अडवलेली असते. मायक्रोट्यूब्यूल त्यांच्यामधून वाट काढत जातात. त्यातच सगळं सेकंदाला एकदा तरी आखडतं आणि सैल होतं. निकामी होत चाललेल्या हृदयात या दोऱ्यांची दाटी वाढते, त्यांच्या टोकाचं टायरोसीन हे अमिनो आम्ल जास्त प्रमाणात छाटलं जातं आणि त्या डेस्मिन या आधार-प्रथिनाच्या जाळ्याला घट्ट धरून बसतात. पेनसिल्व्हेनियातल्या बेन प्रॉसर यांच्या गटाने २०१६ मध्ये हे दाखवलं. पेशी त्यामुळे ताठर होते, आणि दोऱ्याच बदलल्या की त्यांच्यावरून चालणाऱ्यांची चालही बदलते.

पुटिका पटलाशी पोचली की तिचं पटल आणि पेशीचं पटल एकजीव होतं. हे घडवणाऱ्या यंत्रणेच्या शोधासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. ते वर्णन तुमच्या पुस्तकात चांगलं असेल, म्हणून मी इथे थांबत नाही.

पोचल्यावर रिसेप्टर तरंगत राहिला तर उपयोग नाही, त्याला जागेवर धरून ठेवावं लागतं. बीटा-१ च्या शेवटची चार अमिनो आम्लं एसएपी-९७ या आधार-प्रथिनाच्या खोबणीत अडकतात. बीटा-२ चा संबंध जास्त करून कॅव्हिओलिन-३ असलेल्या पटलाच्या खळग्यांशी. दोघांचा नॉरअॅड्रेनलीनला प्रतिसाद वरवर सारखा, पण ठिकाण वेगळं. त्यामुळे परिणामही वेगळा. याकडे पुन्हा येते.

आता तुमचा "परत आत का जातात" हा भाग. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

नॉरअॅड्रेनलीन बसलेला रिसेप्टर काही मिनिटंसुद्धा मोकळा सोडला जात नाही. जीआरके-२ नावाचं एन्झाइम त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेल्या शेपटीला बीटा-अॅरेस्टिन येऊन धरतं. १९९० मध्ये त्याची ओळख पटली. अॅरेस्टिन एकाच वेळी दोन कामं करतं. जी-प्रथिनाची जागा अडवून संदेश थांबवतं आणि क्लॅथ्रिनला बोलावतं. क्लॅथ्रिनची जाळी पटलाला आत वाकवते, डायनामिन मान आवळून तोडतं आणि रिसेप्टर बसलेली पुटिका आत सुटते.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. चमकणारी खूण लावलेला बीटा-२ पेशीत तयार करून घ्यायचा आणि पेशी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. सुरुवातीला कड एकसंध उजळ दिसते, जणू बारीक पेनाने आखलेली. मग द्रावणात आयसोप्रेनलिन हे बीटा रिसेप्टर जागं करणारं औषध सोडायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. पाचव्या मिनिटाच्या सुमारास ती रेघ दाणेदार व्हायला लागते. मग कडेला लागून आतल्या बाजूला ठिपके दिसतात, आधी विरळ, नंतर दाट. काही ठिपके जागच्या जागी थरथरतात, एखादा अचानक सरळ रेषेत सरकत जातो. तो दोरीवर चढलेला. औषध धुऊन काढलं आणि पेशीला अर्धा-पाऊण तास दिला की कड पुन्हा भरू लागते. बीटा-१ च्या बाबतीत हाच प्रयोग केला तर हाती फारसं काही लागत नाही, कारण अॅरेस्टिनशी त्याची पकड सैल असते आणि तो कमी प्रमाणात, सावकाश आत जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने हा फरक म्हणजे आपलीच चूक समजून महिनाभर प्रयोग पुन्हा पुन्हा केला. चूक नव्हती, तो त्या रिसेप्टरचा स्वभाव आहे.

आत आलेली पुटिका एंडोसोमशी, म्हणजे आत आलेल्या मालाची वर्गवारी करणाऱ्या पिशवीशी, मिळते. तिथे ओळख असते रॅब-५ ची. आतलं वातावरण आम्ल असतं, त्यामुळे रिसेप्टरला धरून बसलेलं नॉरअॅड्रेनलीन सुटतं आणि फॉस्फेटही काढून टाकता येतं. रिसेप्टर पुन्हा कोरा होतो. इथून तीन वाटा फुटतात. रॅब-४ मिळालं तर जवळच्या वाटेने लगेच पटलावर परत. रॅब-११ मिळालं तर लांबच्या वाटेने परत. आणि रॅब-५ जाऊन रॅब-७ आलं तर लायसोसोम, म्हणजे विघटन. आगारात एसटी उभी असते, पुढची पाटी बदलली की तीच गाडी दुसऱ्या गावाला निघते; रॅबचं काम मला नेहमी तसं वाटतं. रॅब-४ चं महत्त्व जिवंत हृदयातही दिसलेलं आहे. २००४ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांत रॅब-४ बिघडवल्यावर बीटा-२ चं परत येणं अडलं, आणि आकुंचनाचा प्रतिसादही बदलला. बीटा-१ ची आणखी एक अट आहे. त्याच्या साखळीतल्या ३१२ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर पीकेएने फॉस्फेट लावायला हवं आणि एसएपी-९७ चा आधार हवा, तरच तो परत वर येतो. नाहीतर आतच अडकतो.

म्हणजे रिसेप्टर आत ओढला जाणं याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात. एकात तो विसावा घेऊन, कोरा होऊन परत येतो. दुसऱ्यात तो कायमचा जातो. पहिल्या प्रसंगी पेशी संवेदना टिकवते, दुसऱ्यात गमावते. नुसतं "इंटर्नलायझेशन झालं" असं लिहून थांबणारे प्रबंध मी तपासायला घेते तेव्हा तिथेच खूण करते: पुढे कुठे गेला ते लिहा.

आणखी एक गोष्ट. आतला रिसेप्टर मुका असतो असंही धरू नका. २०१७ पासूनच्या कामात गॉल्जीच्या पटलावर बीटा-१ चा एक साठा सापडला. तो पटलावरून आलेला नाही, आधीपासून तिथलाच, आणि तो तिथून सायक्लिक एएमपीचा संदेश देतो. नॉरअॅड्रेनलीन पाण्यात विरघळणारं, पटलातून आपोआप जात नाही. त्याला ओसीटी-३ या वाहक प्रथिनाने आत यावं लागतं. मेटोप्रोलॉलसारखी स्निग्धात विरघळणारी औषधं त्या आतल्या साठ्यापर्यंत सहज पोचतात, सोटॅलॉलसारखी पाण्यात विरघळणारी पोचत नाहीत. यावरून अमुक गोळी तमुक गोळीपेक्षा सरस असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. रुग्णासाठी गोळी निवडताना रुग्णांवरच्या चाचण्याच बघायच्या असतात.

इथून तुमच्या बाबांकडे येते.

हृदय कमजोर झालं, रक्त कमी पुढे जाऊ लागलं, की शरीर सिंपथेटिक यंत्रणेला हाक मारतं. रक्तातलं नॉरअॅड्रेनलीन वाढतं. अपघात झाला, रक्त गेलं, अशा वेळी हीच हाक माणसाला वाचवते, कारण ती काही तासांची असते. हार्ट फेल्युअरमध्ये ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षं थांबत नाही. पेशी मग काय करते? जीआरके-२ वाढवते, रिसेप्टर आत ओढते, काहींचं विघटन करते, नवीन कमी बनवते. मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये निकामी झालेल्या मानवी हृदयांत मोजणी केली तेव्हा बीटा रिसेप्टरची घनता जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. पुढे त्यांनीच दाखवलं की ही घट मुख्यतः बीटा-१ ची असते. त्यामुळे बीटा-१ आणि बीटा-२ चं प्रमाण साधारण ८० ला २० असतं ते ६० ला ४० कडे सरकतं.

यावर पहिला विचार मनात येतो तो असा: रिसेप्टर कमी झाले म्हणून हृदय दुबळं झालं, तर ते वाढवा, किंवा त्यांच्या पुढचा संदेश वाढवा. वैद्यकाने ही वाट खरोखर चालून पाहिली आहे. मिलरिनोन हे औषध सायक्लिक एएमपीचं विघटन रोखतं, म्हणजे रिसेप्टर कमी असूनही संदेश वाढवतं. तोंडावाटे दीर्घकाळ मिलरिनोन देऊन बघणारी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, १,०८८ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त झाले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या मार्टिन लोहसे यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात बीटा-१ नेहमीच्या कित्येक पट वाढवला. कोवळ्या वयात ती हृदयं जोमाने आखडत होती. वय वाढलं तसे स्नायू जाड झाले, मधे तंतुमय ऊती साचली आणि हृदयं निकामी झाली.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते मी विद्यार्थ्यांपुढे ठामपणे मांडते: रिसेप्टर कमी करणं हा आजारी पेशीचा बिघाड नाही. सततच्या मारापासून स्वतःला वाचवण्याची तिची धडपड आहे. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर तेच काम जास्त नीट करतो. रिसेप्टर तोडून न टाकता तो त्याच्यावर बसून राहतो आणि नॉरअॅड्रेनलीनला जागा देत नाही. पेशीवरचा मार थांबला की तिला आपले रिसेप्टर लपवायची गरज उरत नाही.

या कल्पनेला सुरुवातीला कोणी दाद दिली नाही हे समजण्यासारखं आहे. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हृदयस्नायूच्या आजाराच्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर दिला आणि सुधारणा नोंदवली. तेव्हा कमजोर हृदयाला बीटा ब्लॉकर देऊ नये असंच शिकवलं जायचं. तुमचा प्रश्न तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचा होता. त्यांची खात्री पटायला जवळपास पाव शतक गेलं. १९९९ मध्ये मेटोप्रोलॉल सक्सिनेटची मेरिट-एचएफ चाचणी प्रसिद्ध झाली. ३,९९१ रुग्ण, त्यांपैकी गोळी न मिळालेल्या गटात २१७ मृत्यू आणि मिळालेल्या गटात १४५. मृत्यूंत ३४ टक्के घट. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. त्याच वर्षी बिसोप्रोलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरच्या चाचणीतही तेवढीच घट दिसली.

मग गोळीने रिसेप्टर परत येतात आणि म्हणून हृदय सुधारतं, असं म्हणायचं का? मेटोप्रोलॉलने काही महिन्यांत रिसेप्टरची घनता वाढते, हे १९८९ मध्येच दिसलं होतं. हे वाचून मीही कित्येक वर्षं वर्गात तसंच सांगत होते. पण कार्व्हेडिलॉल ही दुसरी गोळी बघा. तिने घनता वाढत नाही, तरीही रुग्णांचा फायदा तितकाच ठळक. नुसत्या संख्येने हे कोडं सुटत नाही. पुन्हा ठिकाणाकडेच यावं लागतं.

२०१० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या ज्युलिया गोरेलिक आणि लोहसे यांच्या गटांनी मिळून एक प्रयोग केला. माझ्या कामाची दिशा त्याने बदलली. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक त्यांनी जिवंत पेशीच्या पृष्ठभागावरून, न टेकवता फिरवलं. विहिरींची तोंडं कुठे आणि मधले उंचवटे कुठे याचा नकाशा काढला. मग त्याच नळीतून औषधाची बारीक धार हव्या त्या जागी सोडली आणि आत सायक्लिक एएमपी किती बनतो ते चमकणाऱ्या संवेदकाने मोजलं. निरोगी रॅटच्या पेशीत बीटा-१ चा प्रतिसाद विहिरीतही मिळाला आणि उंचवट्यावरही. बीटा-२ चा मात्र फक्त विहिरीत, आणि तो संदेश तिथल्या तिथे राहत होता. हार्ट फेल्युअर झालेल्या रॅटच्या पेशीत बीटा-२ विहिरीतून निघून उंचवट्यांवरही आला होता आणि त्याचा संदेश बीटा-१ सारखा पेशीभर पसरत होता. एकाच जागी हळू बोलणारा रिसेप्टर जागा बदलली तसा पेशीभर ऐकू येऊ लागला. आजारात टी-ट्यूब्यूलचं जाळंही विस्कटतं, काही जागी नाहीसं होतं. विहीरच बुजली तर विहिरीतल्याने राहायचं कुठे?

तुम्ही या विषयात प्रकल्प करणार असाल तर तीन गोष्टी अनुभवावरून सांगते. नवजात रॅटच्या पेशी वाढवायला सोप्या असतात, त्यामुळे बहुतेक प्रयोग त्यांच्यावर होतात. पण त्यांना टी-ट्यूब्यूल जवळजवळ नसतात, तेव्हा "कुठे" या प्रश्नाचं उत्तर त्या देऊ शकत नाहीत. प्रौढ पेशीही डिशमध्ये दोन-तीन दिवस ठेवल्या की त्यांच्या विहिरी झिजायला लागतात, म्हणून काढल्यापासून किती तास झाले ते प्रत्येक चित्राखाली लिहा. दुसरं, बीटा रिसेप्टरच्या बाजारात मिळणाऱ्या अँटिबॉडींवर भिस्त ठेवू नका. रिसेप्टरच नसलेल्या उंदराच्या ऊतीतही त्यांतल्या कित्येक, रिसेप्टर असल्यासारखा, जेलवर पट्टा दाखवतात. तुलनेसाठी तो नमुना (कंट्रोल) तुमच्या जेलमध्ये नसेल तर तुमच्या पट्ट्याला अर्थ नाही. आणि तिसरं, मोजायचंच असेल तर जोडीने मोजा. सीजीपी-१२१७७ हा पाण्यात विरघळणारा लायगँड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा रेणू, तो अख्ख्या पेशीला लावला तर फक्त बाहेरचे रिसेप्टर मोजतो. स्निग्धात विरघळणारा लायगँड आतले-बाहेरचे सगळे मोजतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आत असलेले. साधी वजाबाकी आहे, पण ती थंडीत करा. ३७ अंशांवर मोजायला घेतलंत तर मोजता मोजता रिसेप्टर जागा बदलतात.

आता बाबांच्या गोळीविषयी. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा आहे, मी फक्त त्यामागचं कारण सांगते. मेटोप्रोलॉल सक्सिनेट सहसा १२.५ किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी, झेपेल तसा, दुप्पट करत २०० पर्यंत नेतात. इतक्या सावकाश, कारण आज तुमच्या बाबांचं हृदय त्या सततच्या हाकेच्या आधारावरच उभं आहे. ती हाक एकदम बंद केली तर ते कोलमडेल, थोडी थोडी कमी केली तर पेशी स्वतःला जुळवून घेते. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढल्यासारखा वाटू शकतो. तेव्हा घरातले म्हणतात, गोळी मानवत नाही, बंद करू या. पंपाची ताकद सुधारल्याचं इकोमध्ये दिसायला साधारण तीन महिने लागतात, त्याआधी तिच्याकडून अपेक्षा करू नका.

आणि बरं वाटल्यावर गोळी मनाने बंद करू नका. नकळत सुटली तरी काय होतं ते माझ्या ओळखीतल्या एका काकांच्या बाबतीत दिसलं. सहा महिने उत्तम गेले, लग्नाच्या धावपळीत डबी घरी राहिली, चार-पाच दिवस गोळी नाही. छातीत धडधड आणि धाप लागून त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. मेटोप्रोलॉलच्या आडोशाने पटलावर परत आलेले रिसेप्टर त्या वेळी उघडे पडले होते आणि त्यांच्यावर नॉरअॅड्रेनलीन थेट येऊन बसत होतं. काका सावरले. आता त्यांच्या खिशात दोन दिवसांच्या गोळ्या कायम असतात.

घरी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी बाबांचं वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, पाय सुजले, किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. चक्कर आली किंवा नाडी ५० च्या खाली गेली तरी तसंच. गोळीचा डोस मागेपुढे करायचा असेल तर तो त्या वहीकडे बघून तेच करतील.